एकट्या गर्भवतीची खोली टिकावी म्हणून: इंदूरमधल्या सरकारी सेवांचं परीक्षण

नवरा गेलेली, नवऱ्यानं टाकलेली, लग्नाआधी दिवस राहिलेली किंवा सोबत राहणारा माणूस निघून गेलेली. इंदूरमध्ये अशा गर्भवतीसाठी कागदावर डझनभर योजना आहेत. इथे त्या एकाच निकषावर तपासल्या आहेत: सातव्या महिन्यात काम सुटलं आणि भाडं थकलं, तर ही सेवा तिची आहे ती खोली वाचवते का? पोषण, लसीकरण, समुपदेशन हे सगळं गरजेचंच, पण घरमालक पहिल्या तारखेला दारात उभा राहतो तेव्हा त्यातलं काही दाखवता येत नाही. आणि एकदा खोली सुटली की पोट दिसत असलेल्या एकट्या बाईला दुसरी खोली द्यायला नंदानगर असो, बाणगंगा असो की जुनी इंदूर, माणसं सहजासहजी तयार होत नाहीत.

आधी हिशेब. खोली ४,००० रुपयांची धरा. सातव्या महिन्यापासून बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत सहा भाडी, म्हणजे २४,०००. मध्य प्रदेश सरकारची प्रसूतीसाठी सर्वात मोठी रक्कम देणारी योजना १६,००० देते आणि त्यातले १२,००० प्रसूतीनंतर येतात. तूट ८,००० ची दिसते, पण खरी अडचण तारखांची आहे. पैसा येतो बाळ झाल्यावर, भाडं थकतं त्याच्या आधी. ज्या सेवेला ही मधली दरी भरता येते तिला आम्ही वरचा क्रमांक दिला आहे, मग तिची रक्कम छोटी का असेना.

या निकषावर पहिला क्रमांक लागतो तो रोख पैसे न देणाऱ्या सेवेचा: भाडेकायदा आणि तो चालवायला मिळणारा फुकट वकील. मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१ च्या कलम १२(१)(क) नुसार भाडं थकलं म्हणून घर खाली करायला लावायचं तर आधी मागणीची नोटीस लागते आणि ती मिळाल्यापासून भाडेकरूला दोन महिने मिळतात. दोन महिन्यांत सगळी थकबाकी भरली तर त्या कारणावर दावा उभा राहत नाही. दावा झालाच, तर समन्स मिळाल्यापासून महिन्याभरात थकबाकी कोर्टात जमा करायची आणि पुढचं भाडं दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरत राहायचं. तरीही खोली वाचते. ही सवलत मात्र एकदाच. एकदा घेतल्यावर पुन्हा सलग तीन महिने चुकले तर कोर्ट ऐकत नाही. वीज-पाणी तोडून बाईला बाहेर काढणं या कायद्यात बसत नाही, कुलूप बदलणं तर नाहीच. थोडक्यात, सातव्या महिन्यात नोटीस आली तरी नियमानं चालल्यास प्रसूतीपर्यंत छत राहतं.

हे संरक्षण फसतं ते पुराव्यावर. भाडं रोख दिलेलं असतं, पावती नसते आणि कोर्टात घरमालक पाच महिने थकले म्हणून सांगतो. म्हणून गरोदरपण कळल्या दिवसापासून भाडं यूपीआयनं द्यावं आणि टिपेत महिन्याचं नाव लिहावं: ‘जून भाडं’. मालक रोखीवरच अडून बसला तर पावती मागावी, ती देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. तो भाडं घ्यायलाच नकार देत असेल, म्हणजे खोली काढून घ्यायची तयारी चालू असेल, तर भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे रक्कम जमा करता येते. पीजी आणि वसतिगृहाला यातलं काही लागू नाही. भंवरकुआँ परिसरातल्या पीजीत राहणाऱ्या मुलीकडे बहुधा भाडेकरार नसतो, नुसता परवाना म्हणजे राहण्याची परवानगी असते. तिनं चौथ्या-पाचव्या महिन्यातच भाड्याच्या खोलीत जावं, पोट दिसायच्या आत. ऐकायला वाईट वाटतं, पण व्यवहार असाच आहे.

वकिलासाठी जिल्हा विधिक सेवा प्राधिकरण, जिल्हा न्यायालयाच्या आवारात. दूरध्वनी १५१००. बाईला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. १९८७ च्या विधिक सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार कोणतीही स्त्री फुकट वकिलाला पात्र आहे. टेबलावर कोणी उत्पन्नाचा दाखला मागितलाच तर हे कलम सांगावं. सेवेचा दर्जा वकिलागणिक बदलतो. नोटिशीला उत्तर आणि समजुतीचं पत्र एवढं काम बहुतेक जण नीट करून देतात. लांबलचक दाव्यात पाठपुरावा बाईलाच करावा लागतो.

कोर्टापेक्षा ते समजुतीचं पत्रच अनेकदा जास्त उपयोगी पडतं. घरमालकाला दया नको असते, तारीख हवी असते. म्हणून पत्रात रक्कम आणि तारखा लिहाव्यात: ‘ऑगस्ट आणि सप्टेंबरचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करावं. ऑक्टोबर-नोव्हेंबरला दरमहा २,००० देईन. प्रसूती सहायतेची रक्कम खात्यात आल्यापासून सात दिवसांत बाकी आणि डिपॉझिट पूर्ण करीन.’ सोबत योजनेच्या नोंदणीची पावती जोडायची, दोन प्रती करायच्या, एकीवर मालकाची सही घ्यायची. शेजारच्या काकूंच्या मध्यस्थीनं तोंडी ठरलेलं काकू गावाला गेल्या की हवेत विरतं. एक इशारा: डिपॉझिट वळतं केल्यावर मालकाकडे काही उरत नाही, त्यामुळे हा उपाय एकदाच चालतो. तो सातव्या महिन्यात खर्चू नये, नवव्यासाठी ठेवावा.

आता समग्र आयडी, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंबनोंदणीतला क्रमांक. ही मदत नव्हे, मदतीचं दार. सदस्याचा आयडी नऊ अंकी, कुटुंबाचा आठ अंकी. टाकलेली बाई नवऱ्याच्या कुटुंब आयडीत अडकलेली असते, कुमारी माता बापाच्या. संबल (असंघटित कामगारांची राज्य योजना), धान्याची पात्रता पर्ची, पेन्शन हे सगळं या आयडीवरून चालतं, म्हणून आधी महापालिकेच्या (निगमच्या) झोन कार्यालयात अर्ज देऊन स्वतःचा वेगळा कुटुंब आयडी करून घ्यावा. सोबत आधार, भाडेकरार किंवा वीजबिलाची प्रत, आणि वेगळी राहते असं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र ठेवावं. ई-केवायसीचा ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो आणि तो नंबर नवऱ्याचा असतो, इथे बहुतेकींचं घोडं अडतं. म्हणून अगदी पहिलं काम आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा नंबर जोडायचा. दुसरं काम बँकेत: सरकारी पैसा अर्जात लिहिलेल्या खात्यात जाईलच असं नाही. आधारशी सर्वात शेवटी ज्या बँकेचं सीडिंग म्हणजे जोडणी झाली तिथे तो जातो. ते जुनं संयुक्त खातं असेल तर पैसे नवऱ्याच्या हाती पडतात. बँकेत डीबीटीसाठी (सरकारी पैसा थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंगचा फॉर्म स्वतःच्या एकट्याच्या खात्यासाठी भरावा आणि आधारच्या संकेतस्थळावर सीडिंगची स्थिती बघून खात्री करावी. ही दोन कामं तिसऱ्या महिन्यात उरकली तर पुढचं सगळं सोपं. आठव्यात सुरू केली तर प्रसूतीआधी एक रुपयाही हाती येत नाही.

रोख योजनांमध्ये प्रधानमंत्री मातृवंदना योजना बरी, कारण तिचा पहिला हप्ता खरंच लवकर निघतो. पहिल्या बाळासाठी ५,०००: शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत नोंदणी आणि किमान एक तपासणी झाली की ३,०००, बाळाची जन्मनोंदणी आणि पहिल्या फेरीच्या लसी पूर्ण झाल्या की २,०००. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तरच ६,००० एकरकमी. २०२२ पासूनच्या नियमांत नवऱ्याचा आधार सक्तीचा नाही, तो बदल एकट्या आयांसाठीच केलेला आहे. तरी अंगणवाडीत फॉर्म भरताना तो मागितला जातो. तेव्हा वाद घालण्यापेक्षा पोर्टलवर स्वतः अर्ज भरणं सोपं. पात्रतेसाठी ई-श्रम कार्ड, धान्याचं कार्ड, आयुष्मान कार्ड यांपैकी एक पुरतं. उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असल्याचा दाखलाही चालतो. ३,००० म्हणजे आपल्या हिशेबातलं पाऊण भाडं. कमी आहे, पण वेळेवर आहे.

मुख्यमंत्री श्रमिक सेवा प्रसूती सहायता योजना हीच ती १६,००० वाली. ४,००० गरोदरपणात, ठरलेल्या तपासण्या झाल्यावर. १२,००० सरकारी दवाखान्यात प्रसूती आणि बाळाचं लसीकरण झाल्यावर. संबल किंवा बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी असलेल्या बाईलाच. धुणीभांडी करणारी, पोळ्या लाटणारी, रेडीमेड कपड्यांच्या कारखान्यात तुकड्यावर शिवणारी संबलमध्ये बसते. दोन गोष्टी आधी समजून घ्याव्यात. मातृवंदना आणि जननी सुरक्षेचे (दवाखान्यातल्या प्रसूतीसाठी केंद्राची रोख मदत) पैसे या १६,००० तूनच वळते होतात, वर मिळत नाहीत. तिन्हींची बेरीज करून घरमालकाला तारीख दिली की तोंडघशी पडायला होतं. दुसरी, संबलची पडताळणी झोनवर होते आणि रेंगाळते, म्हणून नोंदणी प्रसूतीच्या बरीच आधी हवी. खाजगी नर्सिंग होममध्ये बाळंत झालं की १२,००० गेलेच. एमटीएच, पी. सी. सेठी किंवा एम. वाय. यांपैकी एक सरकारी रुग्णालय सहाव्या महिन्यातच ठरवून कार्ड काढावं. तिथे सिझेरियन, औषधं, जेवण आणि ने-आण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात फुकट आहे. तो वाचलेला पैसा भाड्याच्या डब्यात पडतो, हाच आपल्या दृष्टीनं त्याचा मोठा फायदा. जननी सुरक्षेचे शहरात १,०००. मिळाले तर घ्यावेत, त्यावर बेत आखू नये.

ज्या बाईच्या पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो तिनं वरचं सगळं बाजूला ठेवून आधी नंदानगरच्या ईएसआय रुग्णालयाची वाट धरावी. मागच्या दोन अंशदान काळात मिळून ७० दिवसांचं अंशदान भरलेलं असेल तर २६ आठवडे रोजच्या सरासरी वेतनाइतका प्रसूती लाभ मिळतो आणि त्यातले आठ आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात. लग्नाचा दाखला ही त्याची अट नाही. २६ आठवडे म्हणजे सहा महिने, म्हणजे वरची सहाच्या सहा भाडी. भाडं खऱ्या अर्थानं झाकणारी ही एकच योजना, आणि हिच्याबद्दल बायकांना सर्वात कमी माहिती असते. फसगत कुठे होते? ठेकेदार गरोदर बाईला पाचव्या महिन्यात ‘आराम कर, नंतर ये’ म्हणतो आणि अंशदानाचे दिवस अपुरे पडतात. पगाराची चिठ्ठी आणि ईएसआयचा विमा क्रमांक आधीच स्वतःजवळ ठेवावा, आणि कामावरून स्वतःहून निघून जाऊ नये.

मंगळवारची जनसुनवाई, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकण्याची बैठक: मोती तबेला, कलेक्टर कार्यालय. तातडीच्या रोख रकमेसाठी ही एकच जागा, कारण रेडक्रॉस निधीतून तिथल्या तिथे मदत मंजूर होऊ शकते. तो हक्क नव्हे, अधिकाऱ्याची मर्जी आहे. म्हणून अर्ज असा लिहावा की नाही म्हणणं जड जावं. एक पान, वर मागणी एका ओळीत: ‘थकलेलं भाडं रुपये ८,०००, नोटिशीची मुदत अमुक तारखेला संपते.’ सोबत नोटीस, मातृ-शिशु कार्ड, भाडेकरार, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान. आयुष्याची सगळी कहाणी चार पानं लिहून नेली की ती महिला बाल विकासकडे ‘आवश्यक कार्यवाहीस्तव’ जाते आणि तिथेच मुरते. अर्जाचा क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नये.

आसऱ्याच्या सेवा. वन स्टॉप सेंटर म्हणजे सखी, ही हिंसा झालेल्या बाईसाठी आहे आणि तिथे मुक्काम पाच दिवसांपर्यंत. मारहाण, धमकी, रात्री घराबाहेर काढणं असं काही असेल तर दुसरा विचार न करता तिथे जावं. वैद्यकीय तपासणी, पोलिसात तक्रार आणि वकील एका छताखाली मिळतात. नुसती गरिबी सांगितली तर ‘हे आमच्यात बसत नाही’ असं उत्तर येऊ शकतं. पण सासरच्यांनी, सोबत्यानं, अगदी बापानं-भावानं घरातून हाकलणं हीसुद्धा २००५ च्या कायद्यात घरगुती हिंसाच आहे, आणि नोंद करताना ते त्याच शब्दांत सांगावं. पाच दिवसांनंतर शक्ती सदन, म्हणजे बायकांसाठीचं सरकारी निवारागृह, जिथे जास्त काळ राहता येतं आणि बाळही सोबत राहतं. ती जागा सुरक्षित, पण खोली टिकवण्याच्या दृष्टीनं महागात पडणारी. आत-बाहेरच्या वेळा ठरलेल्या, त्यामुळे संध्याकाळची कामं सुटतात. बाहेरची खोली, डिपॉझिट, गॅस, भांडी सगळं जातं. बाहेर पडताना पुन्हा शून्यापासून सुरुवात. जिवाला धोका नसेल तर आमचं मत: शक्ती सदन हा शेवटचा पर्याय, पहिला नव्हे. आणखी एक. कोणत्याही ठिकाणी कोणी बाळ ‘देऊन टाक’ म्हणून मागे लागलं तर हे लक्षात असू द्यावं की बाळाचा त्याग फक्त बाल कल्याण समितीसमोर होतो आणि त्यानंतरही फेरविचाराला दोन महिने मिळतात. दवाखान्यात किंवा निवाऱ्यात घेतलेल्या सहीला अर्थ नाही. आई स्वतःच अठराच्या खालची असेल तर वाट वेगळी आहे: १०९८ ही मुलांची मदतवाहिनी, आणि पोक्सोमुळे (बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) दवाखान्याला पोलिसांना कळवावंच लागतं.

घरगुती हिंसा कायद्याचा भाड्याशी थेट संबंध आहे आणि तो वकीलसुद्धा विसरतात. कलम १९ खाली न्यायदंडाधिकारी बाईला त्याच घरात राहू देण्याचा आदेश देऊ शकतो, किंवा समोरच्याला दुसऱ्या घराचं भाडं भरायला लावू शकतो. लग्न झालेलं असलंच पाहिजे असं नाही. लग्नासारखं सोबत राहणंही यात येतं. अर्ज बाई सध्या जिथे राहते तिथे देता येतो, म्हणजे सासर खंडव्याला किंवा जळगावला असलं तरी इंदूरच्या कोर्टात. पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत व्हावा असं कायदा म्हणतो; प्रत्यक्षात तेवढ्यात निकाल लागेल हे धरून चालू नये. म्हणून कलम २३ खाली अंतरिम आदेशाची मागणी मूळ अर्जासोबतच करावी, नंतर नव्हे. भाड्याचा आकडा करारासह लिहावा. ‘योग्य ती रक्कम’ असं लिहिलं की काहीतरी फुटकळ आकडा पदरात पडतो. आई-बापाचं लग्न झालेलं नसलं तरी बाळाची पोटगी बापाकडून मागता येते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली.

वीज वेगळी सांगायला हवी, कारण भाड्याच्या भांडणाची सुरुवात बऱ्याचदा तिथून होते. गृह ज्योती योजनेत महिन्याला १५० युनिटांच्या आत वापर असला की पहिली १०० युनिटं १०० रुपयांत पडतात. पण चार खोल्या एकाच मीटरवर असल्या की मालकाचं बिल १५० च्या पलीकडे जातं आणि सबमीटरवरच्या भाडेकरणीला मालक सांगेल त्या दरानं पैसे मोजावे लागतात. मालकाच्या संमतीनं वेगळं मीटर मिळालं तर दरमहा दोन-तीनशे वाचतात. शिवाय नावावरचं वीजबिल हा पत्त्याचा उत्तम पुरावा, समग्रला उपयोगी पडणारा.

बाळ झाल्यावर जन्मनोंदणी २१ दिवसांत, फुकट. बापाचं नाव सक्तीचं नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्येच सांगितलं आहे की एकट्या किंवा अविवाहित आईनं मागणी केल्यास तिच्या प्रतिज्ञापत्रावर दाखला द्यावा. दाखला हाती आला की मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेतल्या प्रायोजकत्वाचा (मुलाच्या संगोपनासाठी दरमहा मदत) अर्ज जिल्हा बाल संरक्षण एककात द्यावा: बाळासाठी महिन्याला ४,०००, शहरात कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ९६,००० च्या आत असल्यास. विधवा, घटस्फोटित, कुटुंबानं टाकलेली आई, तिघींचीही मुलं त्यात बसतात. रक्कम नेमकी आपल्या खोलीच्या भाड्याइतकी, आणि दरमहा. अडचण एवढीच की मंजुरी समितीच्या बैठकीत होते आणि बैठक कधी भरेल त्यावर सगळं अवलंबून. गरोदरपणातच एककात जाऊन कागदांची यादी घेऊन ठेवावी. उत्पन्नाचा दाखला तेव्हाच काढावा. विधवेला कल्याणी पेन्शन आणि बीपीएल परित्यक्तेला सामाजिक सुरक्षा पेन्शन, दोन्ही ६००. एवढ्यात वीजबिल आणि गॅसचा थोडा भार निघतो.

कमावत्या बाईसाठी सखी निवास, म्हणजे नोकरदार महिलांचं वसतिगृह, कागदावर फार चांगलं. मुलं सोबत ठेवता येतात, भाडं पगाराच्या टक्केवारीत: एकटीच्या खोलीला १५ टक्क्यांपर्यंत, दोघींच्या खोलीला १०, मोठ्या दालनात साडेसात. जागा मिळणं कठीण, आणि काम सुटलेल्या गर्भवतीला ते लागूच नाही. पंतप्रधान आवास शहरी २.० मध्ये एकट्या बायकांना प्राधान्य आहे. अर्ज जरूर टाकावा, पण या बाळाच्या बारशापर्यंत चावी मिळेल असं समजू नये.

शेवटचा भाग तक्रारीचा. मध्य प्रदेशात १८१ लावला की सीएम हेल्पलाइन लागते. जिवाला धोका असेल तर त्याऐवजी ११२ लावावा. अडकलेल्या हप्त्यासाठी, समग्रसाठी, परत पाठवलेल्या फॉर्मसाठी मात्र १८१ उत्तम. तक्रार एल-१ पासून एल-४ पर्यंत अधिकाऱ्यांकडे चढत जाते आणि खालच्या पातळीला ती वर जाऊ द्यायची नसते, म्हणूनच झोनवरून फोन येतो: ‘मॅडम, काम होऊन जाईल, आधी तक्रार बंद करा.’ खात्यात पैसे दिसेपर्यंत बंद करू नये. एका तक्रारीत एकच मुद्दा, नोंदणी क्रमांक आणि तारखेसह लिहावा. तीन योजना एकत्र कोंबल्या की ती तीन विभागांत फिरते आणि कोणीच उत्तर देत नाही.